मानलेल्या नात्याची माउली : देवी अहिल्याबाई

जन्म देणारी ती जननी आणि संगोपन करणारी ती माता, असा विवेक आपल्या धर्मपरंपरेने फार प्राचीन काळापासून केलेला आहे. देवकीच्या उदरी आलेला श्रीकृष्ण यशोदेच्या अंगणात वाढला. नदीच्या प्रवाहातून आलेल्या कर्णाला सूतपत्नी राधेने छातीशी धरले आणि पुढे राज्यपद लाभल्यावरही त्याने राधेय हेच नाव अभिमानाने मिरविले. अरण्यात टाकून दिलेल्या शकुंतलेचा सांभाळ कण्वमुनींनी केला आणि तिला सासरी पाठविताना त्या विरक्त मुनींचेही डोळे पाणावले. गुरु आणि शिष्य यांचे नाते तरी याहून निराळे कोणते? रक्ताचा लवलेश संबंध नसता गुरु शिष्याला पदरात घेतात, त्याचे दोष पोटात घालतात, प्रसंगी कठोरही होतात आणि आपले सर्वस्व त्याच्या हाती सोपवितात. म्हणूनच भक्तजन गुरूला माउली म्हणून हाक मारतात.

मठाच्या या मंगल प्रसंगी, अशाच मानलेल्या मातृत्वाचे व्रत ज्यांनी राजपदावर बसून आचरिले, त्या पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांच्या चरित्राचे स्मरण करणे उचित होय. इंदूरनिवासी भक्तांना तर हे चरित्र घरचेच आहे. स्नेहलतागंज या वस्तीचे नावदेखील होळकरांच्या घरातील एका राजकन्येवरून आले आहे. ज्या घराण्याने ही नगरी वाढविली, त्या घराण्याचा वृक्ष एके काळी निर्वंश होण्याच्या बेतात होता. तो तगला आणि पुन्हा फोफावला, तो एका मातेने परक्याच्या पुत्रास आपला म्हटल्यामुळे. ती कथा येथे संक्षेपाने सांगावयाची आहे.

या घराण्याच्या मूळपुरुषाचेच बालपण दुसऱ्याच्या आश्रयाला गेलेले होते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. सुभेदार मल्हारराव होळकर यांचा जन्म १६९३ साली नीरेच्या काठच्या होळ या गावी एका साध्या धनगर कुटुंबात झाला. ते अगदी लहान असतानाच त्यांचे वडील खंडोजी निवर्तले. पतीच्या पश्चात भाऊबंदांच्या गावात निभाव लागणे कठीण, असे पाहून त्यांच्या मातेने मुलाला उराशी धरून खानदेशची वाट धरली. तळोदे येथे तिचे बंधू भोजराज बारगळ राहत असत. पदरी थोडे घोडेस्वार बाळगून ते सरदार कदम बांडे यांची चाकरी करीत. भोजराजांनी बहिणीला आणि भाच्याला थारा दिला. पोरक्या मल्हारीने मामाची मेंढरे राखली आणि पुढे मामाच्याच पथकात तो घोड्यावर बसला. रानात झोपलेल्या या मुलाच्या मुखावर नागाने फणा धरून सावली केली, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते. आख्यायिकेतील नाग बाजूस ठेवला, तरी मामाची सावली मात्र निःसंशय खरी होती. भोजराजांनी भाच्याला केवळ भाकरी देऊन भागविले नाही. त्याला शस्त्र दिले, संधी दिली आणि अखेर आपली कन्या गौतमा त्याला देऊन जावई करून घेतले. पुढे बाजीराव पेशव्यांच्या सेवेत शिरून मल्हाररावांनी माळव्यात मराठ्यांचे निशाण रोवले आणि इंदूर हे होळकरांचे ठाणे झाले. आश्रित म्हणून वाढलेल्या या पुरुषाला दुसऱ्याच्या लेकराची पारख आणि कणव दोन्ही होती, आणि त्याचा प्रत्यय त्यांच्या सुनेला आला.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात चौंडी या लहानशा गावी झाला. पिता माणकोजी शिंदे हे गावचे पाटील होते. चौंडीस मुक्काम पडला असता देवालयात या मुलीची भक्ती आणि धिटाई पाहून मल्हाररावांनी तिला सून म्हणून मागणी घातली, असे परंपरा सांगते. १७३३ साली, वयाच्या आठव्या वर्षी, खंडेराव होळकरांशी तिचा विवाह होऊन ती माळव्यात आली. १७४५ साली पुत्र मालेराव आणि १७४८ साली कन्या मुक्ताबाई अशी दोन अपत्ये तिला झाली.

सासू गौतमाबाई करड्या शिस्तीच्या, परंतु मनाने उदार होत्या. १७३४ साली पेशव्यांनी होळकरांच्या घरासाठी जी खासगीची जहागीर नेमून दिली, तिचा कारभार त्यांच्याकडे असे. दौलतीचा पैसा वेगळा आणि खासगीचा वेगळा, एकाची कवडी दुसऱ्यात मिसळता कामा नये, हा धडा अहिल्याबाईंनी सासूच्या हाताखाली गिरविला. पुढील आयुष्यात हाच धडा त्यांना सर्वांत अधिक उपयोगी पडला.

१७५४ च्या मार्च महिन्यात जाटांच्या कुंभेर किल्ल्याला मराठ्यांचा वेढा पडला असता तोफेचा गोळा लागून खंडेराव ठार झाले. त्या वेळी अहिल्याबाईंचे वय अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. तत्कालीन रूढीप्रमाणे त्यांनी सहगमनाचा निश्चय केला. खंडेरावांच्या इतर स्त्रिया सती गेल्या. परंतु वृद्ध मल्हाररावांनी या एका सुनेपुढे पदर पसरला. एकुलता एक पुत्र गेला, आता तूही गेलीस तर या म्हाताऱ्याने कोणाच्या तोंडाकडे पाहावे, तूच माझा खंडू, अशा आशयाची विनवणी त्यांनी केल्याचे परंपरा सांगते. चितेच्या वाटेवरून अहिल्याबाई परत फिरल्या. लोकनिंदेची तमा न बाळगता त्यांनी सासऱ्याचा शब्द मानला. त्या दिवसापासून सासरा आणि सून हे नाते मागे पडून पिता आणि पुत्र असे एक नवे नाते त्या घरात निर्माण झाले.

मल्हाररावांनी हे नाते शब्दापुरते ठेवले नाही. स्वतः मोहिमेवर असताना ते वसुली, जमाखर्च, न्यायनिवाडा, फौजेची सरबराई ही कामे सुनेवर सोपवू लागले. १७६५ च्या सुमाराच्या त्यांच्या पत्रांत तोफखान्याची हालचाल, दारूगोळा आणि दाणावैरण यांविषयी तिला केलेल्या सूचना आढळतात. हे ज्याने त्याने पुत्रासच लिहावे असे विषय होत. मुलाला वाढविणे म्हणजे त्याच्यावर विश्वास टाकून त्याला मोठे करणे, हे भोजराजांच्या घरी शिकलेले तत्त्व मल्हाररावांनी येथे आचरून दाखविले. १७६१ साली पानिपतचा घोर प्रसंग ओढवला आणि त्याच वर्षी गौतमाबाईही निवर्तल्या. पाच वर्षांनी, २० मे १७६६ रोजी, आलमपूरच्या मुक्कामी मल्हाररावांनीही देह ठेवला.

गादीवर अहिल्याबाईंचे पुत्र मालेराव आले. त्यांचा स्वभाव चंचल होता आणि त्यांच्या वर्तनाने मातेस फार क्लेश होत. त्यातच त्यांना चित्तभ्रमाची व्यथा जडली आणि १७६७ च्या वसंतात, राज्यपद मिळून वर्षही पुरे झाले नसता, त्यांचा अंत झाला. पती गेला, सासू गेली, पित्याच्या ठायी असलेला सासरा गेला आणि आता पोटचा एकुलता पुत्रही गेला. होळकरांची थोर दौलत आणि तिच्या शिरावर एक निपुत्रिक विधवा, असे ते दृश्य होते.

अशा वेळी सल्ला देणारे पुष्कळ जमतात. दौलतीचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी अहिल्याबाईंपुढे एक योजना ठेवली. नात्यातील एखादे लहान मूल दत्तक घ्यावे, त्याला गादीवर बसवावे, बाईंनी स्वस्थपणे देवधर्म करीत राहावे आणि कारभार दिवाणांनी पाहावा, असा तिचा मथितार्थ होता. पेशव्यांचे चुलते रघुनाथराव यांचे बळ या मसलतीच्या पाठीशी होते. वरवर पाहता यात वावगे काहीच दिसत नव्हते. वंश खंडित झाल्यास दत्तक घ्यावा, हे शास्त्राला धरून होते. रिकाम्या झालेल्या मातेच्या मांडीवर एक बाळ येणार होते. दुःखाने पोळलेल्या एखाद्या स्त्रीने ती गोष्ट कदाचित आनंदाने मान्य केली असती.

अहिल्याबाईंनी मात्र ती योजना साफ नाकारली. बालकाला घरात आणण्यामागे त्या बालकाचे हित पाहिले जात नव्हते, हे त्यांनी ओळखले. अजाण मुलाच्या नावाआड दुसऱ्यानेच सत्ता भोगावी, याकरिता ते मूल हवे होते. मूल जाणते होईपर्यंत दौलत धुऊन निघाली असती आणि त्या पोराच्या नशिबी दुसऱ्यांच्या हातचे बाहुले होणे आले असते. ज्या पालकत्वात पाल्याचे कल्याण हा हेतू नाही, त्याला दत्तकविधानाचे कितीही मंत्र म्हटले तरी ते पालकत्व होत नाही. आपण एकाची पत्नी आणि एकाची माता आहो, तेव्हा गादीवर कोण बसावे हे ठरविण्याचा अधिकार आपला आहे, अशी त्यांची निःशंक भूमिका होती.

रघुनाथराव फौज घेऊन उज्जयिनीच्या रोखाने निघाले. अहिल्याबाईंनी शेजारच्या मराठे सरदारांना साहाय्यार्थ पत्रे धाडली, स्वतः युद्धाची सिद्धता केली आणि स्त्रीशी लढून जिंकल्यास कीर्ती नाही व हरल्यास अपकीर्तीला पार नाही, असा निरोप दादासाहेबांना पाठविला, अशी कथा प्रसिद्ध आहे. तुकोजी होळकर सैन्यासह क्षिप्रेच्या काठी सज्ज राहिले. पुण्याहून थोरल्या माधवराव पेशव्यांचा कौल अहिल्याबाईंच्या बाजूने पडला. युद्धाचा प्रसंग टळला आणि रघुनाथराव मालेरावांच्या निधनाचा दुखवटा करून परतले.

आता अहिल्याबाईंनी आपली निवड प्रकट केली. त्यांनी गादीच्या फौजेचे आधिपत्य तुकोजी होळकरांना दिले. तुकोजी होळकर आडनावाचे असले तरी मल्हाररावांच्या रक्ताचे नव्हते. ते मल्हाररावांच्या पदरी वाढलेले, पागेचे काम केलेले, अंगावर लढाया झेललेले सरळ शिपाई होते. वयानेही ते अहिल्याबाईंच्या बरोबरीचे, किंबहुना थोडे वडीलच होते. तथापि त्या दिवसापासून ते अहिल्याबाईंना मातोश्री म्हणू लागले आणि आपल्या मुद्रेत त्यांनी स्वतःला मल्हारजींचा पुत्र म्हणविले. नात्याचा हिशेब लावू गेल्यास मल्हाररावांचा पुत्र हा अहिल्याबाईंचा दीर ठरतो. परंतु वडील भावजय ही आईच्या ठिकाणी मानावी, अशी आपल्या घराघरांतील रीत आहे, आणि तुकोजींनी ती अक्षरशः पाळली. पेशव्यांनीही या व्यवस्थेला मान्यता दिली. समवयस्क शिपाईगड्याच्या मुखातून निघालेली ती मातोश्री ही हाक पुढे अठ्ठावीस वर्षे चालली.

कामाची वाटणी अशी झाली की तुकोजींनी फौज घेऊन दक्षिणेत व हिंदुस्थानात पेशव्यांच्या मोहिमा कराव्यात आणि अहिल्याबाईंनी माळवा व निमाड यांचा मुलकी कारभार सांभाळावा. अहिल्याबाईंनी नर्मदातीरी महेश्वर येथे आपले वास्तव्य नेले. सूर्योदयापूर्वी उठून स्नान, पूजा, पुराणश्रवण आणि दानधर्म, नंतर सात्त्विक भोजन व अल्प विश्रांती, मग सायंकाळपर्यंत दरबार, पुन्हा देवार्चन आणि रात्रीही काही घटका राजकारण, असा त्यांचा दिनक्रम वर्षानुवर्षे अव्याहत चालला. त्या पडद्यात न बसता दरबारात येत आणि रयतेच्या तक्रारी स्वतः ऐकत. आज्ञापत्रांवर त्यांनी आपले नाव न घालता श्रीशंकराचे नाव घातले. राज्य देवाचे आणि आपण त्याचे केवळ संगोपन करणाऱ्या, ही त्यांची दृढ श्रद्धा होती. पाल्य आपले असून आपले नव्हे, तो आपल्याकडे दिलेली ठेव आहे, या भावनेवाचून परक्याचे लेकरू वाढविता येत नाही. अहिल्याबाईंनी संपूर्ण राज्यच या भावनेने सांभाळले.

मानलेल्या पुत्राशी त्यांचे नाते सदैव गोडीगुलाबीचे होते असे मानणे मात्र सत्याला सोडून होईल. महेश्वरच्या दरबारातून पुण्यास जाणारी जी बातमीपत्रे प्रसिद्ध झाली आहेत, त्यांतून दोघांमधील कुरबुरी स्पष्ट दिसतात. तुकोजी वर्षानुवर्षे दूरदेशी मोहिमांवर असत. फौजेचा खर्च अफाट, शिबंदीचे पगार थकलेले आणि जमाखर्चाकडे त्यांचे लक्ष बेताचे. ते वरचेवर महेश्वरकडे पैशाची मागणी करीत. अहिल्याबाई हिशेब मागत. मातेला पुत्र उधळा वाटे आणि पुत्राला माता कृपण वाटे. कित्येकदा मध्यस्थ घालून समजूत काढावी लागे. उभयतांचे बिनसावे आणि त्यात आपले साधावे, अशी इच्छा करणारेही भोवती होतेच. असे असूनही अठ्ठावीस वर्षांत हे नाते तुटले नाही. अहिल्याबाईंनी तुकोजींच्या हातून फौज काढून घेतली नाही आणि तुकोजींनी फौजेच्या बळावर मातोश्रींच्या अधिकाराला हात घातला नाही. एवढे सैन्य हाती असलेल्या पुरुषाने एका विधवेची आज्ञा मानावी, हे त्या धामधुमीच्या काळात अपूर्वच म्हटले पाहिजे.

या नात्याची कसोटी पाहणारा एक प्रसंग खुद्द इंदुरात घडला. सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने अहिल्याबाईंना पाहिलेल्या लोकांकडून माहिती गोळा करून १८२३ साली मध्यभारताविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात तो नमूद आहे. इंदुरातील देवीचंद नावाचा एक धनाढ्य सावकार निपुत्रिक वारला. तुकोजींचा तळ तेव्हा फौजेसह इंदुराजवळ होता. निपुत्रिकाच्या संपत्तीवर सरकारने हात टाकावा, ही त्या काळी सर्रास चाल होती. त्या चालीस अनुसरून तुकोजींनी त्या धनाचा वाटा मागितला. सावकाराची विधवा धावत महेश्वरास गेली आणि तिने अहिल्याबाईंचे पाय धरले. अहिल्याबाईंनी तिला वस्त्रे देऊन घराची व संपत्तीची ती एकटीच धनीण असल्याचे मान्य केले आणि तुकोजींना तत्काळ आज्ञा धाडली की तळ इंदुराहून हलवावा आणि माझ्या नगरीस अन्यायाचा उपद्रव देऊ नये. तुकोजींनी तळ हलविला. त्यांनी आज्ञाभंग केला असता तर त्यांना रोखण्याजोगी दुसरी फौज महेश्वरात नव्हती. मातेने पुत्राचा अपराध झाकला नाही, आणि पुत्रानेही मातेने रागे भरल्याचा राग मनात धरला नाही.

निपुत्रिक विधवांचे दुःख अहिल्याबाईंना अनुभवाने ठाऊक होते. म्हणून दत्तकाच्या प्रश्नात त्यांची दृष्टी आपल्या काळाच्या पुढची ठरली. सिरोंज येथील एक श्रीमंत सावकार मूलबाळ नसता वारला. तेथील अंमलदाराने विधवेकडे मोठ्या रकमेची मागणी केली आणि ती न दिल्यास संपत्ती सरकारजमा करण्याची भीती घातली. ती बाई आपण घेतलेल्या मुलाला बरोबर घेऊन महेश्वरास आली. अहिल्याबाईंनी चौकशी करून अंमलदाराला कामावरून दूर केले आणि दत्तक मंजूर केला. नजराण्याची अपेक्षा न धरता त्यांनी त्या मुलाला आपल्या मांडीवर बसविले, वस्त्रे व अलंकार दिले आणि पालखी देऊन त्याची घरी रवानगी केली. ज्या मातेची मांडी स्वतःच्या पुत्राच्या मृत्यूने रिकामी झाली होती, त्या मांडीवर एका परक्या विधवेचे मानलेले मूल क्षणभर बसले. त्या एका कृतीने मुलाचे नाते राजमान्य झाले, आणि राज्यातील प्रत्येक अंमलदाराला काय समजावयाचे ते समजले.

खरगोण येथील दोन सावकार भाऊ निपुत्रिक निधन पावले, तेव्हा त्यांच्या विधवांनी आपण होऊन सारी संपत्ती अहिल्याबाईंना अर्पण करू केली. अहिल्याबाईंनी ती स्वीकारली नाही. हे धन तुमच्या पतींच्या स्मृतीसाठी लोकोपयोगी कामी लावा, असा सल्ला त्यांनी दिला आणि त्यातून तेथे नदीचा घाट व देवालय उभे राहिले. दौलतीचा पैसा वेगळा, खासगीचा वेगळा आणि रयतेचा तर त्याहून वेगळा, हा गौतमाबाईंचा धडा त्यांनी असा पाळला. त्यांचा स्वतःचा दानधर्म खासगीच्या उत्पन्नातून चाले. त्या धनावर त्यांनी तुळशीपत्र ठेवले होते. त्यातूनच काशीविश्वेश्वराचे मंदिर १७८० साली पुन्हा उभे राहिले, सोमनाथास नवे देवालय झाले, गयेचे विष्णुपद मंदिर बांधले गेले आणि भारतवर्षातील तीर्थक्षेत्रांच्या वाटांवर घाट, विहिरी, धर्मशाळा व अन्नछत्रे झाली. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी पाणपोया आणि थंडीत गोरगरिबांसाठी पांघरुणे अशी त्यांची तरतूद असे. भिल्लांच्या टोळ्यांना त्यांनी केवळ दंडाने वश केले नाही. त्यांना जमिनी दिल्या, वाटसरूंकडून ठरीव कर घेण्याचा त्यांचा हक्क मान्य केला आणि त्या बदल्यात वाटांच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. वाट चुकलेल्या पोराला काम देऊन माणसांत आणावे, त्यातलाच हा प्रकार होता.

दैवाने मात्र या मातेच्या मागची साडेसाती सोडली नाही. मुक्ताबाईंचा विवाह यशवंतराव फणसे यांच्याशी झाला होता. त्यांचा पुत्र नथ्याबा हा आजीच्या डोळ्यांचा तारा होता. महेश्वरच्या वाड्यात त्याला लहानाचा मोठा करताना मालेरावांच्या वियोगाचे दुःख त्या काही अंशी विसरल्या होत्या. तो ऐन तारुण्यात आजाराने गेला. पाठोपाठ १७९१ साली यशवंतराव फणसेही निवर्तले आणि मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. सदतीस वर्षांपूर्वी मल्हाररावांनी ज्या शब्दांनी सुनेला चितेवरून परत फिरविले होते, त्याच शब्दांनी अहिल्याबाई आता आपल्या कन्येची करुणा भाकू लागल्या. परंतु आपल्या मातेप्रमाणे मुक्ताबाई परत फिरल्या नाहीत. तुझे आयुष्य सरत आले, तू गेल्यावर मला कोण, असा त्यांचा प्रश्न होता आणि त्याला उत्तर नव्हते. नर्मदेच्या तीरावर दोन ब्राह्मणांनी धरून ठेवलेल्या अवस्थेत अहिल्याबाईंनी तो प्रसंग डोळ्यांनी पाहिला. तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही. नंतर कन्या व जामात यांच्या स्मरणार्थ त्यांनी सुंदर वास्तू बांधविली आणि पुन्हा दरबारात येऊन रयतेचे अर्ज ऐकू लागल्या. आता त्यांना पोटचे असे कोणीही उरले नव्हते. ज्यांनी मातोश्री म्हणून हाक मारावी असे जे होते, ते सर्व मानलेलेच होते.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी, श्रावण वद्य चतुर्दशीस, वयाच्या सत्तराव्या वर्षी महेश्वर येथे अहिल्याबाईंनी देह ठेवला. दौलत तुकोजींच्या हाती गेली. दोनच वर्षांनी, १७९७ साली, तुकोजीही पुण्यास वारले. त्यांच्या पुत्रांत कलह माजला, त्या कलहातून यशवंतराव होळकर पुढे आले आणि त्यांनी इंग्रजांशी दिलेली झुंज इतिहासात अजरामर झाली. ते यशवंतराव म्हणजे अहिल्याबाईंच्या मानलेल्या पुत्राचे पुत्र. पुढेही या घराण्यात वंशाचा धागा वेळोवेळी दत्तकानेच सांधला गेला. १८४४ साली बालवयात गादीवर आलेले तुकोजीराव दुसरे हेही दत्तकच होते, आणि त्यांच्याच दीर्घ कारकिर्दीत इंदूर हे नव्या काळाचे शहर होऊ लागले. भोजराजांनी भाच्याला, मल्हाररावांनी सुनेला आणि अहिल्याबाईंनी तुकोजींना आपले म्हटले नसते, तर होळकरांचे हे इंदूर आज ज्या रूपाने आपल्यापुढे आहे त्या रूपाने दिसले नसते.

दरवर्षी पुण्यतिथीस इंदूरच्या रस्त्यांवरून देवी अहिल्याबाईंची पालखी निघते. तिच्या दर्शनास जमणाऱ्या सहस्रावधी लोकांत होळकरांच्या रक्ताचे असे कितीसे असतील? तरीही सारे नगर तिला मातोश्री म्हणूनच वंदन करते. मठाच्या छायेत येणाऱ्या भक्तांच्या घरी कोणी पोरके लेकरू आश्रयास आले, भावाबहिणीचे मूल सांभाळण्याचा प्रसंग आला, अथवा अपत्यहीन दांपत्याच्या मनात दुसऱ्याचे मूल आपले म्हणावे असा विचार आला, तर त्यांनी या चरित्राचे मनन करावे. ते मूल कोणत्या हेतूने घरी येत आहे, हा दिवाणांच्या मसलतीवेळी अहिल्याबाईंनी केलेला विचार प्रथम करावा. एकदा आपले म्हटल्यावर मग हिशेब चोख ठेवावा, चुकल्यास रागे भरावे, परंतु नाते तुटू देऊ नये. पुण्यश्लोक अहिल्याबाईंच्या पुण्यस्मृतीस आणि त्यांच्या आराध्य श्रीशंकरास आमचे सर्वांचे साष्टांग वंदन असो.